पात्याची पारख

दिवाळीच्या आसपास धाराशिव जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेले एक जोडपे फडात उभे राहिले, की दिवसाकाठी साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते. एक ऊस सव्वा किलोचा धरला, तर दोन टनांत सोळाशे ऊस होतात. प्रत्येक उसावर किमान दोन घाव पडतात, एक बुडाशी आणि एक शेंड्याशी. म्हणजे मोळ्या गाडीत चढेपर्यंत दोघांच्या कोयत्यांनी मिळून तीन हजारांच्या वर घाव घातलेले असतात. हंगामात शंभर दिवस काम मिळाले, तर हा आकडा तीन लाखांपुढे जातो.

यातला बुडाचा घाव सर्वांत अवघड. उसात साखर बुडाकडे जास्त असते, म्हणून कारखान्याला ऊस जमिनीलगत तोडलेला हवा असतो. खोडवा नीट फुटायचा असेल, तर शेतकऱ्यालाही तेच हवे असते. जमिनीलगत तोडायचे म्हणजे पाते दर थोड्या वेळाने मातीत, मुरमात, एखाद्या दगडावर जाणारच. पाते फार कडक असेल तर तिथे धारेचा टवका उडतो. फार मऊ असेल तर धार मुडपते आणि दहा मिनिटांत पुन्हा कानस हातात घ्यावी लागते. मजुरी टनावर असते, त्यामुळे धार लावण्यात गेलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. उघड्यावर वापरायच्या पात्याची परीक्षा कशी घ्यावी, हे शिकायचे असेल तर फडाइतकी चांगली शाळा मिळणे कठीण.

पुढच्या प्रकरणांचा विषय आहे न मिटणारे पाते: मुठीत पक्के बसवलेले, शेतात, रानात, डोंगरात वापरायचे. कोयता, कोयती, विळा, सुरा हे त्यातले घरचे सदस्य. गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी आणखी एक वस्तू आली आहे. गिर्यारोहक, रानवाटा तुडवणारे तरुण आणि हौशी शेतकरी ऑनलाइन दुकानांतून ‘आउटडोअर’ चाकू मागवतात. त्यांचे पाते काळ्या थराचे असते, पाठीवर करवतीचे दात असतात, मूठ रबरी असते. किंमत काही शेकड्यांपासून कित्येक हजारांपर्यंत कुठेही असू शकते. चित्र पाहून आणि किंमत पाहून दर्जा ठरवला जातो. येडशीच्या रामलिंग अभयारण्याच्या परिसरात फिरायला जाणाऱ्या मुलाच्या पाठपिशवीतला चाकू आणि त्याच गावच्या शेतकऱ्याच्या हातातला कोयता या दोन वेगळ्या जगांतल्या वस्तू आहेत, असे मानले जाते. प्रत्यक्षात दोन्हींना तोच निकष लागतो. पोलाद कोणते, त्याला पाणी कसे दिले, पात्याची घडण कामाला साजेशी आहे का, मूठ धरते का, आणि खर्चलेला रुपया किती दिवस काम देतो, हे पाच प्रश्न दोन्हींना विचारावे लागतात. यांची उत्तरे बहुतांशी हाताने, डोळ्यांनी आणि कानाने मिळतात. त्यासाठी प्रयोगशाळा अत्यावश्यक नाही.

सुरुवात पोलादापासून. लोखंडात कार्बन किती, यावर पाते कडक होऊ शकेल की नाही हे ठरते. बांधकामाच्या साध्या सळईत किंवा पत्र्यात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. तिला कितीही तापवून पाण्यात बुडवले, तरी धार टिकावी इतकी कडक ती होत नाही. मालमोटारींच्या कमानपाट्यात तो साधारण अर्धा ते सहा दशांश टक्का असतो, शिवाय सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियमची जोड असते. हा पाटा लाखो हिसके खाऊनही मोडू नये म्हणूनच बनवलेला असतो. मराठवाड्यातल्या लोहारांनी कोयत्यासाठी जुना पाटा पसंत केला, तो स्वस्त मिळतो म्हणून आणि त्याच्या अंगच्या चिवटपणासाठीही. अमेरिकेत आणि नेपाळातही जड काम करणारी पाती याच जातीच्या पोलादाची बनतात. नेपाळी खुकरी घडवणारे कामी कारागीर गाड्यांचेच पाटे वापरतात.

मात्र ‘पाट्याचा कोयता’ एवढे ऐकून समाधान मानू नये. वर्षानुवर्षे भार वाहिलेल्या पाट्यात बारीक भेगा पडलेल्या असू शकतात. तापवून ठोकताना त्या मिटल्यासारख्या दिसतात आणि पुढे घावात उघडतात. पट्टीच मुळात साधी असेल, तर तिला पाट्याचे नाव देऊनही काही होत नाही. घेणाऱ्याच्या हातात इथे एक सोपी परीक्षा आहे. पाते फिरत्या दगडाला हलके लावून ठिणग्या पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि फारशा न फुटणाऱ्या असतात. कार्बन वाढतो तशा त्या टोकाशी फुटून चांदण्यांसारख्या पसरतात. शेजारी एक जुनी कानस घासून पाहिली, की फरक लगेच कळतो, कारण कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो.

गंज हा पोलादाचा दुसरा प्रश्न. १९१३ साली शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीने सुमारे बारा-तेरा टक्के क्रोमियम घातलेले न गंजणारे पोलाद तयार केले आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचे रूप बदलले. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत त्याचा मोठा उपयोग आहे. धाराशिवसारख्या कोरड्या, अवर्षणप्रवण जिल्ह्यात वर्षाचे बरेच महिने गंजाचा त्रास कमी, पण उसाचा रस आंबूस असतो आणि तो पात्यावर वाळू दिला तर साधे पोलाद रातोरात डागाळते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे: काम संपल्यावर पाते पुसणे आणि तेलाचे बोट फिरवणे. म्हणून ‘स्टेनलेस’ या एका शब्दासाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी आपण कुठे आणि कशासाठी वापरणार, हे पाहावे.

पोलाद चांगले असले तरी पाते चांगले होईलच असे नाही. खरी कसोटी पाणी देण्यात आहे. पाते साधारण आठशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापवले आणि पाण्यात किंवा तेलात झपकन बुडवले, की ते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ होते. भट्टीवरचा लोहार हे तापमान रंगावर ओळखतो. म्हणून अनुभवी कारागीर भट्टी सावलीत ठेवतो, कारण उन्हात लालीची छटा फसवते. लोहचुंबकानेही पडताळा घेता येतो. साधारण ७७० अंशांवर पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते, आणि योग्य ताप त्याच्या थोडा पुढे असतो.

यानंतरची पायरी घाईत गाळली जाते आणि तिथेच माल बिघडतो. कडक झालेल्या पात्याला पुन्हा थोडी ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. जुन्या पद्धतीत फक्त धार बुडवतात, पाठ गरम राहू देतात, धारेची काळी पापडी विटेच्या तुकड्यावर घासून लख्ख करतात आणि पाठीची ऊब धारेकडे सरकताना बदलणारे रंग पाहतात. सुमारे २२० अंशांवर फिकट पिवळा रंग येतो, २८० च्या आसपास जांभळा, तीनशेला निळा. खरवडण्याच्या, सोलण्याच्या चाकूला पिवळा रंग चालतो. घाव घालणाऱ्या कोयत्याला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यावे लागते. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ पडते. हे सारे काही सेकंदांत, नजरेने ठरते.

या जिल्ह्यात हे काम गावचा लोहार करत आला आहे आणि गावोगाव फिरणारी घिसाडी कुटुंबेही. आठवडी बाजाराच्या गावी रस्त्याकडेला पाल पडते, भाता सुरू होतो, ऐरण जमिनीत रोवली जाते. पुरुष सांडशीत तापलेले पाते धरतो आणि समोरून त्याच्या घरची बाई घण घालते. दोघांचा ताल चुकला तर पाते वाया जाते. या स्त्रियांच्या श्रमाची नोंद कोयत्याच्या किमतीत क्वचितच होते. दर्जाबद्दल बोलताना त्यांच्या हातांचे नाव आधी घ्यायला हवे.

कडकपणा मोजायची शास्त्रीय पद्धत रॉकवेलची. हिऱ्याचा सूक्ष्म शंकू ठरावीक भाराने धातूत दाबायचा आणि तो किती रुतला ते पाहायचे. त्याच्या ‘सी’ मापावर चांगली कानस बासष्टच्या पुढे असते. स्वीडनमधल्या मोरा गावच्या प्रसिद्ध चाकूंची पाती छप्पन ते साठच्या दरम्यान असतात. घाव घालणारी पाती जाणूनबुजून पन्नाशीच्या आसपास किंवा त्याखाली ठेवतात. आकडा जितका मोठा तितका चाकू चांगला, ही समजूत जाहिरातींनी पसरवली आहे. साठच्या कडकपणाचा कोयता फडात पहिल्याच दगडावर फुटेल, आणि कानस त्याच्यावरून घसरत राहिल्यामुळे बांधावर बसून त्याला धार लावणेही जमणार नाही. ऊसतोड कामगाराला कानशीने घासले जाईल इतके मऊ आणि दुपारपर्यंत धार धरेल इतके कडक, असे मधले पाते हवे असते. ती मधली जागा सापडणे हीच लोहाराची विद्या.

ही परीक्षाही घरी होते. कानशीचा कोपरा धारेवर हलका ओढावा. ती सरळ आत घुसली तर पाणी दिलेलेच नाही, काचेवरून गेल्यासारखी सुळकन घसरली तर ऊब कमी दिली आहे, आणि किंचित विरोध करत धरली तर कोयता कामाचा. चाकूची धार पितळेच्या गोल सळईवर तिरकी दाबून पाहावी. ती जराशी लवून परत आली तर उत्तम, लवलेलीच राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर कडक. विकत घेतलेल्या चांगल्या पात्याचा नाशही बहुतेकदा याच अज्ञानातून होतो. विजेच्या ग्राइंडरवर घाईने धार लावताना कड निळी पडते. ती निळाई म्हणजे धारेचे पाणी उतरल्याची खूण. तेवढा भाग घासून काढला तरच पुन्हा धार टिकते.

पोलादाविषयी बोलताना या प्रदेशाने आपला इतिहासही आठवावा. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती सुमारे अडीच हजार वर्षांहून जुनी, विदर्भातल्या महापाषाणयुगीन वस्त्यांच्या काळातली आहे. पुढे धाराशिव ज्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होते, त्याच संस्थानातल्या कोनासमुद्रम गावी मुशीत वितळवून तयार केलेले उच्च कार्बनचे पोलाद घ्यायला इराणी व्यापारी येत. युरोपात त्याला ‘वूट्झ’ म्हणत. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेने १८१९ च्या सुमारास लंडनमध्ये याच पोलादाचे पृथक्करण केले आणि सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणाऱ्या जेम्स स्टोडार्टबरोबर मिश्र पोलादांचे प्रयोग केले.

हा इतिहास आजच्या ग्राहकाच्या थेट उपयोगाचा आहे. बाजारात ‘दमास्कस’ नावाने लाटालाटांच्या नक्षीचे चाकू विकले जातात. वूट्झची नक्षी मुशीतल्या पोलादाच्या आतल्या कार्बाइडच्या थरांतून आपोआप उमटत असे. आजचे बहुतेक चाकू दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकमेकांवर ठोकून जोडलेले असतात, आणि काही स्वस्त चाकूंवर तर केवळ आम्लाने नक्षी काढलेली असते. थर जोडलेले पाते उत्तम असू शकते, पण नक्षीवरून कडकपणाही कळत नाही आणि चिवटपणाही. शिवकाळात मराठ्यांच्या हातात ‘फिरंग’ तलवारी होत्या. त्यांचे पाते युरोपातून आलेले आणि मूठ इथल्या पद्धतीची. तुळजाभवानीच्या तलवारीची श्रद्धा जपणाऱ्या या मुलखातल्या योद्ध्यांनी पाते कुठून आले याचा दुराग्रह धरला नाही. त्यांनी ते पारखले आणि आपल्या हाताला बसेल अशी मूठ लावली. आजच्या खरेदीलाही हीच वृत्ती हवी. स्वदेशी म्हणून वाईट पाते चांगले होत नाही, परदेशी म्हणून साधे पाते महान होत नाही.

तिसरा प्रश्न घडणीचा. पात्याची जाडी, धारेचा कोन आणि वजन कुठे आहे, या तीन गोष्टी कापण्याच्या कामाला पोलादापेक्षाही आधी जाणवतात. मोराचा साधा चाकू अवघा अडीच मिलिमीटर जाड, आणि धारेच्या दोन्ही बाजूंचा मिळून कोन पंचवीस अंशांच्या आसपास. लाकूड तासायला, दोर कापायला, भाजी चिरायला तो अप्रतिम, आणि जगभरच्या रानवाटांवर तो स्वस्त म्हणूनच ओळखला जातो. उलट ‘सर्व्हायव्हल’ म्हणून विकला जाणारा पाच-सहा मिलिमीटर जाडीचा चाकू कांदा चिरत नाही, फोडतो. जाड पाते मजबूत असते, हे खरे. पण ती मजबुती लाकूड फाडण्याच्या कामी येते, आणि त्यासाठी घरात कुऱ्हाड आधीच असते. कोयत्याच्या धारेचा कोन मोठा ठेवावा लागतो, कारण त्याला घाव सोसायचा आहे. वजन टोकाकडे असावे लागते, म्हणजे मनगटाने सोडलेला कोयता स्वतःच्या भाराने ऊस तोडतो आणि खांदा वाचतो. उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्याला बाभळीची डहाळी उतरवायची असते. त्याला लांब दांड्याची, आत वळलेली कोयतीच हवी. एकच चाकू सगळी कामे करील, असे जो सांगतो त्याच्याकडून कोणतेच पाते घेऊ नये.

मुठीकडे लोक सर्वांत शेवटी पाहतात, आणि अपघात तिथूनच होतात. पात्याचे शेपूट मुठीत किती खोल गेले आहे, हे विचारावे. पूर्ण लांबीचे असेल तर उत्तम. निमुळते असेल तर मुठीच्या तोंडाला लोखंडी शेंबी घट्ट हवी आणि शेपटाचे टोक मागून मारलेले हवे. पाते बोटांत सैल धरून टिचकी मारली, की पक्के बसलेले पाते खणकते. भेग असेल किंवा मूठ सैल असेल, तर आवाज बद्द येतो. बाभळीची किंवा धावड्याची मूठ घाम पिते आणि घावाचा हादरा खाते. गुळगुळीत प्लॅस्टिकची मूठ उसाचा रस लागला की हातातून सुटते. धारेच्या रेषेत डोळा लावून पाते मुठीपासून टोकापर्यंत सरळ आहे का, हेही पाहावे. वाकडे पाते दर घावाला मनगट पिरगाळते, आणि दिवसात हजारो वेळा पिरगाळलेले मनगट रात्री झोपू देत नाही.

आता किंमत. समजा एक कोयता तीनशे रुपयांना मिळाला आणि एका हंगामात संपला. दुसरा सहाशेला मिळाला, पण तीन हंगाम चालला. दुसरा स्वस्त, हे उघड आहे. पण खरा फरक त्याहून मोठा आहे. पहिल्या कोयत्याला दर तासाला पाच मिनिटे कानस लागत असेल आणि दुसऱ्याला दोन, तर दहा तासांच्या दिवसात अर्धा तास वाचतो. टनावर मजुरी घेणाऱ्याला तो अर्धा तास म्हणजे रोजचे पैसे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात चौतीस टक्के वाढ ठरली, त्यासाठी दीर्घ वाटाघाटी झाल्या. हातातल्या पात्याचा दर्जा वाढवून मिळणारी बचत तिच्यापुढे लहान असेल, पण त्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. उचल घेऊन निघालेल्या माणसाचे हत्यार त्याच्या स्वतःच्या पैशाचे असते, म्हणून ही पारख त्याच्यापर्यंत पोहोचणे सर्वांत निकडीचे आहे.

किमतीत आणखी एक गोष्ट धरायला हवी: पाते पुन्हा उभे करून देणारा माणूस. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त ज्या बलुतेदारीचे तपशील नोंदवले, तिच्यात लोहाराला सुगीला धान्य मिळे आणि तो वर्षभर औते-हत्यारे शेवटून देई. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती आणि कारागिराची पिळवणूकही होती. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्यात एक गुण होता. पाते बिघडले तर ज्याने ते घडवले तो समोरच असे, आणि त्याला उत्तर द्यावे लागे. आजच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेल्या चाकूला असा धनी नाही. म्हणून परदेशी चाकू घेतानाही त्याला धार लावता येईल असे साधन आणि कौशल्य आपल्याजवळ आहे का, हे आधी पाहावे. पाते आणि निसणा यांची किंमत एकत्र धरावी.

कायद्याचेही भान हवे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे नियंत्रणाखाली येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक वापरासाठी बनवलेल्या पात्यांना त्यातून सूट आहे. सूट कोयत्याच्या शेतीच्या उपयोगाला आहे, तो गर्दीत मिरवायला नाही. सहलीला नेताना पाते म्यानात, पिशवीच्या तळाशी असावे. चार इंचांचा चाकू बहुतेक सगळी कामे करतो.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: पोलाद, पाणी, घडण, मूठ, धार लावणे, आणि शेवटी खरेदीच्या वेळी दुकानात उभे राहून पाच मिनिटांत करायच्या चाचण्या. त्यांच्याबरोबर एक सूचनाही मांडायची आहे. रॉकवेल यंत्र अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असते. कळंब, भूम, परंडा, वाशी, तुळजापूर, उमरगा, लोहारा आणि धाराशिव या आठही तालुक्यांच्या बाजारांतून कोयते गोळा करून विद्यार्थ्यांनी त्यांची धार, मध्य आणि पाठ अशा तीन जागी मोजणी करावी. तेच कोयते एक हंगाम फडात वापरायला द्यावेत, आणि वापरणाऱ्यांचे मत त्या आकड्यांशेजारी मराठीत छापावे. कोणत्या भट्टीचा माल टिकला, हे त्यातून कळेल. चांगल्या कारागिराला आपल्या कामावर छाप मारून दोन पैसे जास्त मागता येतील. आणि सहाशेचा कोयता घ्यावा की तीनशेचा, हे ठरवताना ऊसतोडीला निघालेल्या बाईच्या हातात दुकानदाराच्या शब्दाबरोबर मोजलेला आकडाही असेल.